घरी धून रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

पेटी, तबला, बासरी, गिटार आणि एक लॅपटॉप. मित्रांनी जमवलेली धून वाजवताना झकास वाटते आणि मिक्समध्ये, म्हणजे सगळ्यांचे ट्रॅक एकत्र केल्यावर, मात्र सतत काहीतरी खटकतं. अशा वेळी इक्वलायझरशी (आवाजातला जाड-बारीक भाग कमीजास्त करणाऱ्या सोयीशी) खेळण्याआधी पेटी तपासा.

गिटारवाला मोबाइलच्या ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या अ‍ॅपवर) ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झ धरून तारा लावतो. घरातली जुनी पेटी तिथेच असेल असं नाही, आणि ती ऐनवेळी लावताही येत नाही. म्हणजे बाकीच्यांनी तिच्याकडे जायचं. भाता एकसारखा ठेवून मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे तोच ‘ए’, दाबा. ट्यूनर ४४३ दाखवत असेल तर त्याचं कॅलिब्रेशन (‘ए’ किती हर्ट्झचा धरायचा ती सेटिंग) ४४३ करा, मग गिटार लावा. तबलाही पेटीवरच मिळवा. बासरी आधी थोडा वेळ फुंकून गरम होऊ द्या, थंड बासरी उतरलेली बोलते. ‘नंतर सॉफ्टवेअरमध्ये बघू’ हे इथे चालत नाही.

दुसरी चूक लेव्हलची, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाच्या पातळीची. तबलजी साउंडचेकला हळू वाजवतो आणि तिहाईला (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याला) जोर लावतो! त्या जोराच्या थापेला मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये राहील एवढाच गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते बटण) ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये २४ बिटची सेटिंग असली की रेकॉर्डिंग थोडं हळू झालं तरी बिघडत नाही, फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. तबल्याला दोन माइक लावल्यावर डग्गा पोकळ वाटला, तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटून बघा.

हेडफोनमध्ये स्वतःचं वाजवणं उशिरा ऐकू येतंय? सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज किती तुकड्यांत साठवून पुढे पाठवायचा ती सेटिंग) १२८ वर आणा, मिक्सिंगला १०२४ करा.

दुसऱ्या गावचा मित्र आपला भाग व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवत असेल तर थांबवा. वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून घ्या, तीही गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणारी. त्याचा सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) ४४.१ आणि तुमचा ४८ किलोहर्ट्झ असेल, आणि सॉफ्टवेअरनं तो बदलून घेतला नाही, तर सूर चढतो आणि काळी एकची धून पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लटकते.

मिक्सिंगला सगळे एकदम बसू नका. प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी वाटतं. बासरी आणि गिटारला साधारण ८० हर्ट्झखाली लो-कट (खालचा घुमणारा आवाज कापणारा फिल्टर) लावा, डग्ग्याला नको. आणि मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा ऐकू येत नाही म्हणून बेस वाढवत सुटू नका, तो स्पीकर तेवढं खाली जातच नाही.