खेळाडू घ्यायचा कोणी? फुटबॉल क्लबांनो, या चुका टाळा

1 सप्टेंबर 2022. ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत) बंद व्हायच्या दिवशी चेल्सीनं बार्सिलोनाकडून पिएर-एमेरिक ऑबामेयांगला घेतलं, दोन वर्षांच्या करारावर. मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, थॉमस टुखेलला तो हवा होता. डॉर्टमुंडला दोघं एकत्र होते, एकमेकांना ओळखून होते. 6 सप्टेंबरला झाग्रेबमध्ये ऑबामेयांग चेल्सीकडून पहिल्यांदा उतरला, संघ 0-1 हरला आणि दुसऱ्या दिवशी टुखेलची नोकरी गेली. दोघांच्या वाट्याला एकच सामना आला. फेब्रुवारीत नव्या मॅनेजरनं, म्हणजे ग्रॅहम पॉटरनं, ऑबामेयांगला चॅम्पियन्स लीगच्या यादीतूनही वगळलं.

टुखेलला काढायचा निर्णय एका पराभवामुळे घेतलेला नाही, क्लब कसा चालवायचा याबद्दलचे आमचे विचारच जुळत नव्हते, असं सहमालक टॉड बोली यांनी नंतर सांगितलं. मग सहा दिवस आधी त्याच माणसाच्या पसंतीचा खेळाडू का घेतला? त्या उन्हाळ्यात स्पोर्टिंग डायरेक्टरचं, म्हणजे खेळाडूंची भरती सांभाळणाऱ्याचं, काम बोली स्वतःच बघत होते. एकीकडे मॅनेजरवरचा विश्वास उडालेला आणि दुसरीकडे त्याच्याच शब्दावर खरेदी, या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर चालू होत्या.

माझं मत आधीच सांगतो. खेळाडू निवडायचा अधिकार स्पोर्टिंग डायरेक्टरकडे असावा. ‘हा मला नको’ म्हणायचा हक्क प्रशिक्षकाकडे असावा. पैसा किती, हे मालकानं ठरवावं. यातलं एक जरी दुसऱ्याच्या हातात गेलं, की पुढच्या चुका ओळीनं येतात.

चूक पहिली: सगळी खरेदी प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडणं

इथं लगेच सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं नाव पुढे केलं जातं. त्यांनीच तर सगळं ठरवलं ना? ठरवलं. पण ते 1986 ते 2013 मँचेस्टर युनायटेडच्या एकाच खुर्चीत होते. घेतलेला पोरगा पाच वर्षांनी कसा खेळेल याची काळजी त्यांना होती, कारण पाच वर्षांनीही त्याला तेच खेळवणार होते. आजच्या प्रशिक्षकाला पुढच्या शनिवारची चिंता असते. त्यात त्याचा दोष नाही, त्याची नोकरीच तशी आहे. पण खेळाडूचा करार चार-पाच वर्षांचा असतो, आणि तो करार सांभाळणारा माणूसही तितका काळ टिकणारा हवा.

मँचेस्टर युनायटेडनं 2022 मध्ये अँटनीसाठी अयाक्सला साडेनऊ कोटी युरो मोजले. प्रशिक्षक एरिक टेन हाग त्याला अयाक्समध्ये घडवून आले होते. त्याच उन्हाळ्यात लिसांद्रो मार्टिनेझ आला, तोही अयाक्सचा. पुढच्या दोन वर्षांत ओनाना, डी लिख्ट, मझरावी आले. ते आले दुसऱ्या क्लबांकडून, पण तिघंही कधीकाळी टेन हाग यांच्या अयाक्समध्ये खेळलेले. ऑक्टोबर 2024 मध्ये टेन हाग गेले आणि रुबेन अमोरिम आले, ज्यांच्या 3-4-3 रचनेत अँटनीसारख्या विंगरला नेहमीची जागाच नव्हती. जानेवारीत तो लोनवर, म्हणजे उसना, बेटिसला गेला.

हीच गोष्ट आपण गोव्यात पाहिली आहे. सर्जिओ लोबेरा 2017 मध्ये एफसी गोवाला आले. त्यांनी इतका देखणा फुटबॉल उभा केला की इतर क्लबांचे चाहतेही गोव्याचे सामने लावून बसायचे. 2020 च्या सुरुवातीला, लीगचे तीनच सामने उरलेले असताना क्लबनं त्यांना दूर केलं. गोव्यानं क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली लीग शिल्ड (साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळते ती) जिंकली, पण लोबेरा मुंबई सिटीला गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग मुर्तदा फाल, अहमद जाहू, ह्यूगो बूमूस आणि आपला मंदार राव देसाईही गेले. पुढच्या हंगामात सगळी आयएसएल (इंडियन सुपर लीग) करोनामुळे गोव्यातच खेळवली गेली. उपांत्य फेरीत याच मुंबईनं गोव्याला पेनल्टीवर 6-5 असं हरवलं, आणि शिल्ड व कप दोन्ही नेले. फातोर्ड्याच्या, म्हणजे गोव्याच्या, चाहत्याला ते किती लागलं असेल, याचा विचार आजही मनात येतो. संघाचा कणा प्रशिक्षकाशी बांधलेला असला, की तो निघाला की कणाही निघतो. मुंबईलाही पुढे हे चुकलं नाही: मुंबई आधीच सोडलेले लोबेरा 2023 मध्ये ओडिशाला आले आणि फाल, जाहू तिथंही पोचले.

चूक दुसरी: प्रशिक्षकाला न विचारता खेळाडू गळ्यात मारणं

वरचं वाचून कोणी उलट्या टोकाला जाऊ नये, म्हणून न्यूकॅसलचं प्रकरण सांगतो. 2008 मध्ये केविन कीगन तिथं मॅनेजर होते आणि त्यांच्या वर डेनिस वाइज यांना फुटबॉलचे कार्यकारी संचालक म्हणून बसवलं होतं. ऑगस्टअखेर कीगनना कळवण्यात आलं की उरुग्वेचा इग्नासिओ गोन्सालेस लोनवर येतोय. कीगननी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यांना सांगितलं गेलं, यूट्यूबवर बघा. त्यांनी बघितलं आणि नको म्हणाले. तरी सही झाली, आणि कीगननी 4 सप्टेंबरला राजीनामा दिला.

प्रकरण प्रीमियर लीगच्या लवादापुढे गेलं. ऑक्टोबर 2009 मध्ये निकाल कीगन यांच्या बाजूनं लागला आणि 20 लाख पौंडांची भरपाई मिळाली. सुनावणीत बाहेर आलेली गोष्ट जास्त वाईट होती: दोन दक्षिण अमेरिकी एजंटांवर मेहेरबानी म्हणून तो व्यवहार केला होता, आणि भरतीत शेवटचा शब्द कीगनचाच, असं क्लब बाहेर सांगत होता, तेही खरं नव्हतं. गोन्सालेस न्यूकॅसलकडून दोनदा बदली खेळाडू म्हणून उतरला. न्यूकॅसल त्याच मोसमात दुसऱ्या श्रेणीत घसरलं.

म्हणून नकाराचा हक्क करारात लिहिलेला हवा. तोंडी शब्दाला विंडोच्या शेवटच्या रात्री किंमत उरत नाही.

चूक तिसरी: सगळ्यांचं समाधान करणं

एव्हर्टन, उन्हाळा 2017. रोमेलू लुकाकूला विकून साडेसात कोटी पौंड आले. त्याच उन्हाळ्यात क्लबनं गिल्फी सिगुर्डसन, डेव्ही क्लासेन आणि वेन रूनी असे तिघं घेतले. तिघंही स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरच्या जागेवर खेळणारे. लुकाकूच्या तोडीचा गोल करणारा मात्र आलाच नाही. प्रशिक्षक रोनाल्ड कुमान ऑक्टोबरमध्येच गेले.

फुटबॉल संचालक स्टीव्ह वॉल्श काही कच्चे नव्हते. लेस्टरमध्ये वार्डी, महरेझ, कांटे यांच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. पण हिरा ओळखणं वेगळं आणि हार गुंफणं वेगळं. मालक, संचालक, प्रशिक्षक या तिघांनाही आपापलं माणूस मिळालं की यादी भरते, संघ भरत नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेतल्या एका संघाच्या नोंदणीची कागदपत्रं दोन हंगाम मी बघायचो. एका वर्षी बाहेरून खेळाडू आणायचे ठरले. एका ज्येष्ठानं एक स्ट्रायकर सांगितला, देणगी देणाऱ्यानं दुसरा, कोचनं तिसरा. कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून तिघांनाही हो म्हटलं. डावा बॅक आमच्याकडे नव्हता, हे पहिला सामना सुरू झाल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी जे शिकलो, ते अजून विसरलेलो नाही.

आजार जडलाच असेल तर

लिव्हरपूललाही सगळ्यांचं समाधान करायचा हा आजार जडला होता, हे आज कोणाला आठवत नाही. 2012 पासून तिथं खेळाडू निवडणारी ट्रान्सफर समिती होती आणि मॅनेजर ब्रेंडन रॉजर्स यांच्याशी तिची रस्सीखेच चाले. 2015 मध्ये तोड निघाली ती अशी, की समितीच्या पसंतीचा फिर्मिनो आणि रॉजर्सच्या पसंतीचा क्रिस्तियान बेंटेके, दोघंही घ्यायचे. रॉजर्स ऑक्टोबरमध्ये गेले. बेंटेके वर्षभरात विकला गेला. फिर्मिनो 2023 पर्यंत राहिला.

पुढची दुरुस्ती शिकण्यासारखी आहे. समितीतल्याच मायकल एडवर्ड्स यांना 2016 मध्ये स्पोर्टिंग डायरेक्टर केलं. आता जबाबदारीला एक नाव होतं. 2017 मध्ये युर्गन क्लॉप यांच्या मनात ज्युलियन ब्रांट होता. एडवर्ड्स आणि त्यांची माणसं मात्र मोहम्मद सालाहसाठी हटून बसली. क्लॉप यांना नको म्हणता आलं असतं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि ते या माणसांमुळे झालं हे पुढे उघडपणे सांगितलंही. सालाहनं पहिल्याच मोसमात लीगमध्ये 32 गोल केले. हे कोणाच्या हुकमानं घडलं नव्हतं. मतभेद कसा मिटवायचा, हे आधीच ठरलेलं होतं.

तेव्हा तुमच्या क्लबात, मोठ्या असो वा गल्लीतल्या, आधी हे करा. खेळाडूचं नाव निघण्यापूर्वी जागा लिहा: कुठला पाय, किती वय, काय करणारा. प्रत्येक नावापुढे ते कोणी सुचवलं हे लिहून ठेवा, एजंटनं सुचवलं असेल तर तसंच लिहा. नकार द्यायचा तर प्रशिक्षकानं कारण द्यावं. आणि निर्णय लवकर घ्या. 2013 मध्ये मरुआन फेलायनीला जुलैअखेरपर्यंत 2.35 कोटी पौंडांत सोडवून घेता येत होतं. फर्ग्युसन आणि मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकाच वेळी गेलेल्या युनायटेडनं तो शेवटच्या दिवशी 2.75 कोटींना घेतला.

आणि प्रशिक्षक बदलायची वेळ आली, तर असलेल्या संघाला साजेसा माणूस शोधा. टुखेलच्या जागी चेल्सीनं ज्या पॉटरना नेलं, ते ब्रायटनचे होते. ब्रायटननं रॉबर्टो डी झेर्बी यांना आणलं. खेळाडू निवडण्याची क्लबची पद्धत होती तीच राहिली. मे 2023 मध्ये ब्रायटन सहावं आलं आणि इतिहासात पहिल्यांदा युरोपीय स्पर्धेला पात्र ठरलं. चेल्सी बाराव्या स्थानावर होतं.