सेवा कोसळल्यावर आपोआप उठत नाही? युनिट फाइलमधील या चुका टाळा

पावसाळ्यात वीज जाणे-येणे गोव्यात नवे नाही. म्हापशातील एका दुकानाचा बिलिंग सर्व्हर ऐन चवथीच्या आठवड्यात मला निस्तरावा लागला, तेव्हा दोष विजेचा नसून मीच लिहिलेल्या युनिट फाइलचा (लिनक्सवर सेवा, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम, कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलचा) निघाला. तिच्यात 'रीस्टार्ट=ऑलवेज' (थांबल्यास नेहमी पुन्हा सुरू कर) असूनही सेवा रात्रभर बंद होती.

वीज परतल्यावर डेटाबेस तयार होण्याआधीच बिलिंग सेवा सुरू झाली, जोडणी न मिळाल्याने कोसळली आणि सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीने) तिला लागोपाठ उठवले. पुन्हा सुरू करण्यापूर्वीचे मूळ अंतर अवघे 100 मिलिसेकंद असते आणि 10 सेकंदांत 5 वेळाच सुरू करण्याची मूळ मर्यादा असते. त्यामुळे डेटाबेस डोळे उघडेपर्यंत पाचही संधी संपून सेवा 'फेल्ड' अवस्थेत पडून राहिली. 'रीस्टार्टसेक=5', म्हणजे 5 सेकंदांचे अंतर, लिहिल्यास ही मर्यादा गाठलीच जात नाही. मर्यादाच बदलायची असेल, तर 'स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक' (त्या 10 सेकंदांच्या जागी दुसरी मुदत ठरवणारी) ही ओळ 'युनिट' विभागात लिहावी. 'सर्व्हिस' विभागात ती लिहिल्यास लॉगमध्ये इशारा उमटतो, परिणाम मात्र शून्य. शिवाय 'आफ्टर' या ओळीत डेटाबेसचे नाव घालावे, म्हणजे क्रम तरी पाळला जातो. बदलानंतर 'सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' ही युनिट फाइली पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा विसरू नये (मी विसरलो होतो), आणि 'रीसेट-फेल्ड'ने ती फेल्ड अवस्था पुसण्याआधी 'जर्नलसीटीएल'ने लॉग उघडून मूळ कारण वाचावे.

दुसरी चूक चाचणीतली आहे. 'ऑलवेज'ऐवजी 'ऑन-फेल्युअर' (बिघाड झाला तरच उठव) लिहून साध्या 'किल'ने प्रक्रिया मारली, तर ती बहुधा पुन्हा उठत नाही, कारण त्या आज्ञेने जाणारा सिगटर्म हा संकेत सिस्टमडीच्या लेखी नीटनेटका शेवट असतो. शून्य एक्झिट कोडचेही (प्रोग्राम विनाचूक संपल्याच्या खुणेचेही) तसेच. चाचणीसाठी प्रक्रिया जबरदस्तीने मारणारे 'किल -9' वापरावे. 'सिस्टमसीटीएल स्टॉप'ने थांबवलेली सेवा तर 'ऑलवेज' असले तरी उठत नाही, आणि ते योग्यच आहे.

स्क्रिप्टच्या शेवटी अँपरसँड (&) लावून प्रोग्राम पार्श्वभूमीत ढकलण्याची जुनी सवयही सोडावी. मुख्य प्रक्रिया संपली असे समजून सिस्टमडी मागे उरलेल्या प्रक्रियाही आवरून टाकतो.

प्रोग्राम न मरता नुसताच गोठला, तर यांपैकी कशाचाच उपयोग नाही. त्यासाठी 'वॉचडॉगसेक' आहे, पण ठरलेल्या मुदतीत 'मी जिवंत आहे' असा संदेश पाठवण्याची सोय प्रोग्राममध्येच असावी लागते. ती नसताना ही ओळ घातल्यास धडधाकट सेवाही मुदत संपताच मारली जाते.