पेयांचे कॅन : आधी लोहचुंबक, मग पोतं

शीतपेयाचा किंवा बिअरचा कॅन आपल्याकडे बहुतेक वेळा अॅल्युमिनियमचा असतो. हापूसच्या रसाचा, रसगुल्ल्यांचा, अननसाच्या चकत्यांचा डबा मात्र पत्र्याचा, म्हणजे पातळ पोलादाचा. भंगारात दोन्हींचा भाव वेगळा आणि भट्टीही वेगळी. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये लोखंड उतरलं की ते पुन्हा वेगळं काढणं जवळपास अशक्य. धातू ठिसूळ होतो. कॅनची भिंत जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, असा धातू तेवढा ताणताना फाटतोच.

म्हणून पहिलं काम लोहचुंबकाचं. जुन्या स्पीकरमधलं चांगलं चालतं. फ्रिजवर लावायचं लवचीक चित्रवालं फार क्षीण असतं. लोहचुंबक कॅनच्या पोटाला लावा, झाकणाला नको. पत्र्याच्या काही कॅनना झाकण अॅल्युमिनियमचं असतं आणि नेमकी तिथेच फसगत होते. चिकटलं तर पत्रा, नाही तर अॅल्युमिनियम.

लोहचुंबक नसेल तर अंगावरून नख फिरवा. उभी शिवण लागली, वर-खाली दोन्हीकडे दुमडलेली कड दिसली, की तो पत्र्याचा डबा. शिवण नाही म्हणून लगेच अॅल्युमिनियम समजू नका. बिनशिवणीचे पत्र्याचे कॅनही असतात.

आता रिकामं करणं. ३३० मिलिलिटरचा रिकामा कॅन साधारण १३ ग्रॅमचा. तळाशी दोन चमचे पेय राहिलं तरी वजन जवळपास दुप्पट होतं. मुंग्या, वास, हे तर आहेच. पण खरा धोका भट्टीत आहे. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर उडतो. कॅन घोटभर पाण्याने विसळा आणि रात्रभर पालथा ठेवा. आत सिगारेटची थोटकं, माती, वाळू कोंबू नका.

उघडायची कडी तोडू नका. झाकण आणि कडीच्या मिश्रधातूत मॅग्नेशियम अंगापेक्षा जास्त असतं, तरी ते घरी वेगळं करायची गरज नाही. सुटी कडी मात्र चाळणीतून गळून हरवते. रंग घालवायला कॅन जाळू नका. इतका पातळ धातू उघड्या आगीत जळून बराचसा राख होतो, वर रंगाचा आणि आतल्या प्लास्टिकच्या थराचा विषारी धूर.

चपटं करणं तुमच्या भंगारवाल्यावर अवलंबून. सुक्या कचऱ्यात जागा वाचते, म्हणून पायाने दाबलेलं बरं. जर्मनीत असाल तर अजिबात दाबू नका. तिथे कॅनवर २५ सेंट अनामत असते आणि परतीच्या यंत्राला बारकोड वाचता यावा लागतो.

डिओडरंटचे डबे अॅल्युमिनियमचे असले तरी वेगळे ठेवा. उरलेल्या दाबाने फुटतात. वेफरच्या चकचकीत पाकिटात धातूचा नुसता लेप असतो, मुठीत चुरगाळून सोडलं की ते उलगडतं. अॅल्युमिनियमची फॉइल चुरगाळलेलीच राहते. तीही कॅनच्या पोत्यात नको, वेगळी बांधा.

पोतं देण्याआधी एक किलो वजन करून कॅन मोजा. ३३० मिलिलिटरचे ७० ते ८० भरले पाहिजेत. ५०-५५ मध्येच किलो झाला, तर आत पाणी आहे किंवा पत्रा मिसळलाय. पोतं पुन्हा उपसा.