बॅकअप होता, केबल नव्हती

माझी पहिली नोकरी एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात. साल १९९७. कारखान्यात एसी दोनच खोल्यांना, एक एमडींची आणि दुसरी आमची, त्यामुळे दुपारी सगळ्या खात्यांची माणसं काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे येऊन बसायची. ऊसबिलं फॉक्सप्रो नावाच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये, सर्व्हर नोव्हेल कंपनीचा, आणि रोज रात्री बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, घ्यायचं काम सगळ्यांत ज्युनिअर पोराचं, म्हणजे माझं. एआरजे नावाचा प्रोग्राम सगळा डेटा आवळून १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांवर भरायचा. सतरा फ्लॉप्या लागायच्या. एक भरली की मशीन 'टूंक' करायचं, मी पुढची घालायचो. नंबर मार्करने लिहिलेले, पत्र्याचा डबा, डब्याला कुलूप. एवढी शिस्त मी कॉलेजातही पाळली नव्हती.

जानेवारीत, ऐन हंगामात, हार्डडिस्क गेली. साहेबांनी विचारलं, "बॅकअप आहे ना?" म्हटलं, "आहे की साहेब." पहिल्या आठ फ्लॉप्या सुरळीत गेल्या. नववी आत गेली आणि कर्र-कर्र करत राहिली. काढली, फुंकली, शर्टाला पुसली, परत घातली. कर्र-कर्र. त्या पंधरवड्याची वजनकाट्याची फाइल नेमकी आठवी ते दहावीवर पसरलेली होती. त्या फ्लॉपीवर मी अडीच महिने रोज लिहीत होतो, पण वाचून एकदाही बघितलं नव्हतं. मग रेकॉर्डरूममधून पोत्यात भरलेल्या काटापावत्या निघाल्या, साडेचार हजाराच्या आसपास. शेती खात्यातले एक काका मोठ्याने वाचायचे, "भरलेली गाडी इतकी, रिकामी इतकी," आणि आम्ही तिघं टाइप करायचो. तीन रात्री गेल्या. आजही कुणी एका सुरात आकडे वाचायला लागलं की माझी बोटं आपोआप हलतात.

पुढची सव्वीस-सत्तावीस वर्षं सर्व्हर सांभाळण्यातच गेली, बहुतेक पुण्यात. आता नातेवाइकांचे फोन येतात: मोबाइल पाण्यात पडला, लॅपटॉप चालू होत नाही, फोटो परत मिळतील का? दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो.

सुरुवात वहीपासून करा, मशीनपासून नको. एका पानावर लिहा, की घरात डिजिटल असं काय काय आहे. प्रत्येक ओळीपुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हे परत कुठून मिळेल का? आधार मिळेल, पॅन मिळेल, सातबारा महाभूलेखवरून हवा तेव्हा काढता येईल, डिजिलॉकरमधली गुणपत्रिका तर कुठे जातच नाही. ज्याच्या नावाने आपण रात्री दचकून उठतो ते बहुतेक सगळं परत मिळणारं असतं. न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघतात. माझ्या पानावर अशा तीन निघाल्या: मुलीचे लहानपणचे फोटो, वडिलांनी टाइप करून घेतलेला कुळाचा इतिहास, आणि आईचे व्हॉट्सॲपवरचे आवाज. आई टाइप करायची नाही, बोलायची. कैरीच्या लोणच्याचं प्रमाण, चुलतभावाच्या लग्नाला जायचं की नाही, 'फोन का उचलत नाहीस' यावर दोन मिनिटं. ती गेल्यावर कळलं की ते सगळं एका जुन्या फोनमध्ये अडकलंय आणि त्याची बॅटरी फुगलीय.

हे आवाज कसे काढायचे ते नीट सांगतो, कारण बहुतेकांचं इथेच अडतं. व्हॉट्सॲपचा रोजचा बॅकअप अँड्रॉइड फोनवर गुगल खात्यात जातो, पण तो फक्त व्हॉट्सॲपलाच उघडता येतो. तुम्हाला त्यातून एक फाइल बाहेर काढता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीचं चॅट उघडा, वरचे तीन टिंब दाबा, 'अधिक' मध्ये जा, 'चॅट निर्यात करा' निवडा आणि 'मीडियासह' म्हणा. जी झिप फाइल तयार होईल ती कॉम्प्युटरवर घ्या. आत आवाजाच्या फाइली ओपस नावाच्या प्रकारात असतात. व्हीएलसी प्लेअर त्या वाजवतो. फाइलींच्या नावांवरून आत काय आहे ते कळत नाही, त्यामुळे महत्त्वाच्या दहा-बारा तरी ऐकून त्यांना मराठीत नावं द्या. 'आई-लोणचं' अशी. एक संध्याकाळ जाते. रुमाल जवळ ठेवा.

आता ठेवायचं कुठे? आमच्या धंद्यात तीन-दोन-एकचा नियम आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोन किंवा लॅपटॉपवर असलेली मूळ गोष्ट ही पहिली प्रत. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्डडिस्कवर. तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी. पेनड्राइव्हला मी यात धरत नाही. पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे न्यायला असतो आणि तिथेच राहतो.

"माझं सगळं गुगल फोटोजमध्ये आहे" असं सांगणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १ जून २०२१ पासून तिथली फुकटची अमर्याद जागा बंद झाली; आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. ती भरली की फोटो चढणं थांबतं, आणि ती सूचना आपण 'नंतर बघू' म्हणून सारतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते सिंक आहे. तुम्ही किंवा तुमच्या नातवाने फोनवर त्या ॲपमधून फोटो पुसला, की तो तिथूनही पुसला जातो. साठ दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतो, मग संपला. म्हणून घरात एक अशी प्रत हवी, जी कशालाच जोडलेली नाही. हार्डडिस्क लावा, कॉपी करा, काढा, कपाटात ठेवा. सतत लॅपटॉपला लटकवून ठेवलेली डिस्क व्हायरस आला की लॅपटॉपबरोबरच जाते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा जोडलेले बॅकअपसुद्धा कुलूपबंद झालेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

घराबाहेरची प्रत माझ्या मोठ्या बहिणीकडे, सांगलीला असते. दोन सारख्या डिस्क आहेत. भाऊबीजेला जाताना ताजी नेतो, जुनी घेऊन येतो. गुढीपाडव्याला ती इकडे येते तेव्हा पुन्हा अदलाबदल. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा मी ताईला दर तासाला फोन करून एकच विचारत होतो, आयर्विन पुलाला पाणी किती? डिस्क तळमजल्यावर टीव्हीखालच्या कप्प्यात होती. ती गेली. पुण्यातली शाबूत होती, म्हणून नवी डिस्क घेऊन भरून दिली. आता ती वरच्या मजल्यावर, माळ्यावर असते. जागा निवडताना एवढंच बघा, की एकच पूर, एकच आग किंवा एकच चोर दोन्ही प्रतींपर्यंत पोचणार नाही.

वडिलांच्या कुळाच्या इतिहासाने वेगळाच धडा शिकवला. फाइल होती, तिन्ही प्रतींत होती, उघडतही होती. उघडल्यावर टोपीवाली रोमन अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. १९९९ साली गावातल्या डीटीपीवाल्याने पेजमेकरमध्ये त्या काळच्या फॉन्टमध्ये केलेलं काम ते. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखीच वाचता येणारी अक्षरांची पद्धत, घरोघरी पोचण्याआधीचं मराठी असंच आहे: फॉन्ट नसेल तर मजकूर नाही. तुमच्या घरात अशा फाइली असतील तर आज कामाला लागा, कारण ज्यांच्याकडे ते जुने फॉन्ट आणि ते जुने कॉम्प्युटर आहेत ती माणसंही आता साठीला आलीत. मला आमचा डीटीपीवाला सापडला. त्याने माळ्यावरचं मशीन खाली काढलं, झटकलं, चालू केलं आणि पीडीएफ करून दिली. मग कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणला. जोडाक्षरं आणि रफार निम्मे चुकले, ते हाताने नीट केले. शिवाय दोन प्रती कागदावर छापून बाइंडिंग करून घेतल्या. कागदाला सॉफ्टवेअर लागत नाही.

आता जे लोक करतच नाहीत ते: रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून फाइली खरंच परत काढून बघणं. वर्षातून एकदा, दुसऱ्याच मशीनवर, दुसऱ्याच माणसाने. माणूस दुसरा का, तर तुम्हाला सगळं पाठ असतं. मागच्या दिवाळीआधी मी बायकोला बसवलं. तिची अट एकच: "अहो, तुम्ही बोलायचं नाही. चहा घ्या आणि तिकडे बसा." मी बसलो. तिने वही उघडली. डिस्क कुठे आहे हे वहीत होतं, सापडली. लावायला गेली तर केबल नाही. या डिस्कना ती रुंद, मधे खाच असलेल्या तोंडाची केबल लागते, घरातली दुसरी कुठलीच चालत नाही. ती भाच्याने नेली होती, कारण मीच दिली होती. मी तोंड उघडलं, तिने बोट दाखवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी केबल आली. पुढे पासवर्ड विचारला गेला. वहीत लिहिलं होतं 'नेहमीचा'.

त्या दिवसापासून केबल डिस्कला रबरबँडने बांधलेली असते आणि पासवर्ड बंद पाकिटात, बँकेच्या कागदांबरोबर. गुगल खात्यातही 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' नावाची सोय आहे. काही महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय द्यायचं ते तिथे ठरवता येतं. तिथे बायकोचं नाव टाकलं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं, त्यामुळे गेलेल्या माणसाच्या खात्यात फोटो असतील तर 'बघू सावकाश' म्हणू नका.

तपासताना तीन फाइली निवडा: सगळ्यांत जुनी, सगळ्यांत नवी आणि मधली कुठलीही. नुसतं यादीत नाव दिसलं की खूश होऊ नका. उघडा, व्हिडिओ शेवटापर्यंत पळवा, आवाज ऐका. वहीत तारीख टाकून काय अडलं ते लिहा.

यंदा भाऊबीजेला ताईने ओवाळायच्या आधीच हात पुढे केला. "डिस्क दे. आणि उघडून दाखव, मागच्या वेळेसारखं नको." मेहुण्यांचा लॅपटॉप आला, केबल रबरबँडमधून सुटली, आणि तिने स्वतःच 'आई-लोणचं' वर क्लिक केलं. कुकरच्या शिट्टीतून आईचा आवाज आला, "मीठ दीड वाटी घाल, पण आपली ती जुनी वाटी हं."

"कुठली जुनी वाटी?" ताईने विचारलं.

म्हटलं, "काठाला पोचा आलेली. माझ्याकडे आहे."

"मग पाडव्याला येईन तेव्हा डिस्कबरोबर तीपण दे."