घरात दोन-तीन कंट्रोलर लावताय? मग या चुका टाळा

आठवड्यातनं दोन तरी फोन येतातच. "दादा, बेडरूमचा लाईट रात्री आपोआप लागतोय", "दादा, नवीन हब घेतला पण जुनं काहीच त्यात दिसेना." मी पहिला प्रश्न विचारतो, घरात स्मार्ट लाईट-स्विच चालवणारे कंट्रोलर किती आहेत? उत्तर ठरलेलं, "एकच आहे की." मग मोजायला लावतो. राउटरशेजारी एक हब, म्हणजे स्मार्ट वस्तूंना हुकूम देणारं खोकं, हॉलमधला बोलणारा स्पीकर, पोरानं रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टाकलेलं होम असिस्टंट नावाचं घर चालवायचं सॉफ्टवेअर, आणि स्विचच्या कंपनीचं ॲप घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये. झाले की चार! जे तुम्हाला न विचारता स्विच चालू-बंद करू शकतं ते सगळं कंट्रोलरच, खोक्यावर काही का लिहिलेलं असेना.

मी सांगली-मिरजेत वायरिंगची कामं करतो, स्मार्ट होमच्या कामात सहा-सात वर्षं झाली. एकापेक्षा जास्त कंट्रोलर ठेवायला माझा अजिबात विरोध नाही, माझ्या स्वतःच्या घरी तीन आहेत आणि नीट चालतात. पण लोक ते जोडताना जी घाई करतात ना, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान त्यांचं होतं आणि बऱ्याचदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच वस्तूचे नियम दोन ठिकाणी लिहिणं. सांगलीच्या विश्रामबागेतला एक बंगला सांगतो. रिटायर्ड सर आणि काकू दोघंच राहतात, मुलगा पुण्याला नोकरीला. खाली हौद, वर टाकी, मध्ये एक एचपीची मोनोब्लॉक मोटर. मी कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) बसवून त्याची कॉइल (त्याला ओढणारं चुंबक) स्मार्ट रिलेवर, म्हणजे ॲपनं चालणाऱ्या छोट्या स्विचवर, घेतली होती, हौदात आणि टाकीत लेव्हल सेन्सर, आणि होम असिस्टंटमध्ये दोनच साधे नियम, टाकी भरली की मोटर बंद आणि हौदातलं पाणी खाली गेलं की मोटर बंद. वर्षभर तक्रार नाही. दिवाळीला मुलगा आला, त्यानं तोच रिले कंपनीच्या ॲपमध्ये पण जोडला आणि तिथं वेगळं लिहून ठेवलं की सकाळी साडेपाचला मोटर चालू, आणि सव्वासहापर्यंत मध्येच बंद झालेली दिसली तर परत चालू. हेतू चांगलाच होता, आईला टाकी रिकामी सापडू नये. मला काही सांगितलं नाही, आणि त्याला तरी काय माहीत की दुसरीकडं माझे नियम बसलेत.

पंधरा-वीस दिवसांनी एकदा नळाला पाणीच आलं नाही. हौद रिकामा. माझा नियम म्हणतोय बंद, त्याचा म्हणतोय चालू, परत बंद, परत चालू. सहाच्या सुमाराला काकूंचा फोन, "अहो, मोटरीच्या पेटीत काहीतरी खाडखाड वाजतंय, लवकर या." मी म्हणलं आधी एमसीबी पाडा. त्यांना कुठला एमसीबी ते कळेना, बोर्डावर नावंच लिहिलेली नव्हती. मी पोचलो तेव्हा खाडखाड थांबलेली, आणि तेच वाईट होतं. कॉन्टॅक्टरचे पॉइंट ठिणग्या पडून पडून एकमेकांना चिकटले होते, आता कुणीही बंद म्हणलं तरी मोटर बंद होणार नव्हती. कोरडी फिरत होती, बॉडीला हात लावता येईना, वॉर्निशचा जळका वास पार गेटपर्यंत. एमसीबी पाडला. नंतर पेटी उघडून बघितलं तर तीनपैकी एक पॉइंट काळा ठिक्कर आणि वितळून वरच्या पट्टीला घट्ट बसलेला, स्क्रूड्रायव्हरनं उचकटावा लागला. मोटरचं सील गेलं, वाईंडिंग परत भरावं लागलं, कॉन्टॅक्टर नवा. हौदात फ्लोट स्विच, म्हणजे पाणी खाली गेलं की आपोआप सप्लाय तोडणारा तरंगता स्विच, कॉइलच्या सिरीजमध्ये टाकायचं माझ्याकडनं राहिलं होतं, तो असता तर कितीही कंट्रोलर भांडले असते तरी कॉइलला सप्लायच मिळाला नसता. तेव्हापासून मोटर असो, गिझर असो, मी अशी एक साधी तारेची अडवणूक टाकल्याशिवाय काम सोडत नाही, त्यासाठी कुणी घासाघीस केली तर काम घेत नाही.

तर माझी सवय अशी, एका वस्तूचा कारभारी एकच. बाकीच्यांनी फक्त बटण व्हायचं. आवाजानं मोटर चालू करायचीय? करा की, पण स्पीकरला रिलेच्या कंपनीचं खातं जोडू नका, होम असिस्टंटमधली मोटर स्पीकरला दाखवा, म्हणजे हुकूम आधी कारभाऱ्याकडं येतो आणि हौद रिकामा असला तर तो मोटर लगेच परत बंद करतो. आणि जुनी जोडणी, जुनी शेड्यूल, रुटीन सगळी डिलीट करा, नुसती ऑफ करून ठेवू नका, घरातलं कुणीतरी ती परत ऑन करतंच.

कोण उचापत करतंय हे शोधायचं असेल तर आधी लॉग, म्हणजे कधी काय झालं त्याची नोंद, बघा. होम असिस्टंटच्या लॉगबुकमध्ये त्याच्याच ऑटोमेशननं लाईट लागला असेल तर त्या ऑटोमेशनचं नाव येतं. नुसतंच "चालू झाला" एवढंच दिसलं तर हुकूम बाहेरनं आलाय, नाहीतर कुणीतरी हातानं स्विच दाबलाय. लोक काय करतात, स्पीकरचा प्लग काढून ठेवतात आणि म्हणतात तरीपण लाईट लागतोय म्हणजे स्पीकर नाही. अहो, बऱ्याच स्पीकरची रुटीन कंपनीच्या सर्व्हरवर असतात, प्लग काढून ती थांबत नाहीत. ॲपमध्ये जाऊनच बंद करावी लागतात.

आता दुसरी चूक, झेड-वेव्हवाल्यांची. झेड-वेव्ह म्हणजे हब आणि स्विचनी एकमेकांशी बोलायची एक बिनतारी पद्धत. नवीन हब आला की पहिलं काम म्हणून जुना रिसेट मारतात. का मारता? झेड-वेव्हमध्ये नेटवर्कला एक होम आयडी असतो, तो मुख्य म्हणजे प्रायमरी कंट्रोलरचा, आणि प्रत्येक स्विचला १ ते २३२ मधला एक नोड नंबर. तुम्ही प्रायमरी रिसेट केला की त्याला नवीन होम आयडी मिळतो आणि भिंतीतले सगळे स्विच जुनाच आयडी धरून बसतात. मालक गेला, पोरं पोरकी. मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या घरी असंच झालं, तेवीस मॉड्यूल, म्हणजे स्विचमागं बसणारे छोटे रिले, सगळी स्विचबोर्डाच्या आत. हे प्रत्येक मॉड्यूल आधी एक्सक्लूड करून, म्हणजे जुन्या नेटवर्कमधनं काढून, मग नव्यात घ्यावं लागलं, बोर्ड खोल, बटण दाब, बोर्ड लाव, दोन दिवस गेले आणि दोन जुन्या बोर्डांचे कानसुद्धा तुटले. एक बरं असतं, एक्सक्लूड करायला जुनाच हब लागतो असं नाही, कुठल्याही झेड-वेव्ह कंट्रोलरनं करता येतं.

खरी पद्धत म्हणजे जुना चालू असतानाच नवीन हब त्यात सेकंडरी म्हणून घ्यायचा, नोडची यादी त्याच्याकडं जाऊ द्यायची, एकेक लाईट त्याच्यावरनं लावून बघायचा, आणि मग जुन्यामधनं कंट्रोलर शिफ्ट करून नव्याला प्रायमरी करायचं. ही सोय दोन्ही हबमध्ये आहे का ते विकत घ्यायच्या आधी बघा. सेकंडरी साधारणपणे स्विच चालवू शकतो पण नवीन वस्तू जोडू-काढू शकत नाही, हे माहीत नसल्यानं "हब खराब आहे" म्हणून परत करणारे पण बघितलेत. आणि दाराचं लॉक असेल तर सुरक्षेच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त कोड, नव्या हबला मिळाल्यात का ते आधी बघा, नाहीतर लॉक यादीत दिसतं पण उघडत नाही. हे सगळं निवांत शनिवारी करायचं काम आहे. पाहुणे यायच्या आदल्या रात्री नाही.

अमेरिकेतनं भाच्यानं आणलेला झेड-वेव्ह हब इथल्या मॉड्यूलला जोडायला जाऊ नका. आपल्याकडं झेड-वेव्ह ८६५.२ मेगाहर्ट्झवर चालतं, तिकडं ९०८.४ वर. एकमेकांना ऐकूच येत नाही, तासभर बटणं दाबून काही होणार नाही.

झिग्बी ही तशीच दुसरी बिनतारी पद्धत, पण तिचं वेगळं आहे. तिथं एका नेटवर्कला कोऑर्डिनेटर, म्हणजे मुख्य हब, एकच, आणि वस्तू एका वेळी एकाच नेटवर्कात. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं, दोन हबवर आलटून पालटून पेअर करत बसलात तर बल्ब कुठंच नीट राहत नाही. लोक अर्धे बल्ब या हबवर, अर्धे त्या हबवर ठेवतात आणि मग मागच्या खोलीत रेंज नाही म्हणून ओरडतात. रेंज कशी असेल, झिग्बीत सप्लायवर चालणारे बहुतेक बल्ब-प्लग सिग्नल पुढं ढकलतात, पण फक्त आपल्याच नेटवर्कचा. साताऱ्यात एका जुन्या वाड्यात, दीड-दोन फुटी दगडी भिंती, तिथं मी दुसरा हब काढून सगळं एकाच नेटवर्कवर घेतलं तेव्हा माजघरातला सेन्सर पहिल्यांदा टिकला. एकही रिपीटर विकत घेतला नाही.

दोन झिग्बी नेटवर्क ठेवायचीच असतील तर चॅनल वेगळे ठेवा. झिग्बीचे चॅनल ११ ते २६, आणि ते वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात येतात. मी राउटर ऑटोवर ठेवत नाही, वायफाय चॅनल १ वर, रुंदी २० मेगाहर्ट्झ, आणि झिग्बी एक २० वर, एक २५ वर. एवढ्यानं निम्मी कटकट जाते. मात्र चालू नेटवर्कचा चॅनल बदलला तर काही सेन्सर परत पेअर करावे लागतात, म्हणून हे पहिल्या दिवशीच ठरवा. आणि झिग्बीचं यूएसबी डोंगल कॉम्प्युटरच्या निळ्या पोर्टात थेट खुपसू नका, यूएसबी ३ चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो, मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून लांब ठेवा. बरेच जण हे न करता नवीन डोंगल मागवतात.

मॅटर ही बऱ्याच कंपन्यांची सामाईक पद्धत आल्यावर, म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरपासून, सगळ्यांना वाटायला लागलं आता काही बघायला नको. एक बल्ब कमीत कमी पाच कंट्रोलर-गटांत राहू शकतो, ही सोय खरंच चांगली आहे. पण दुसऱ्या ॲपमध्ये जोडताना परत खोक्यावरचाच क्यूआर स्कॅन करतात आणि तो चालत नाही. पहिल्या ॲपमध्ये जाऊन शेअरचं किंवा पेअरिंग मोडचं बटण शोधा, तिथं नवीन कोड मिळतो आणि तो फार तर पंधरा मिनिटं चालतो, म्हणून दुसरा मोबाईल आधीच हातात घ्या. खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, रिसेट करायची वेळ आली तर तोच लागतो. आणि रिसेट केला की तो बल्ब सगळ्याच ॲपमधनं जातो. पाच कंट्रोलर जोडता येतात म्हणून पाचही ठिकाणी टायमर लावायचे नसतात, परत ती मोटरीचीच गोष्ट होते.

बाकीच्या बारीकसारीक. एसीला दोन आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणाऱ्या डब्या) लावू नका, एसी उलटं काही सांगत नाही त्यामुळं एकाला वाटतं चालू, एकाला वाटतं बंद. सगळ्या हबची वेळ तपासा, एखादा नियम बरोबर साडेपाच तास उशिरा चालत असेल तर त्या हबचा टाइमझोन भारताचा नाही. लाईट जाऊन आली की राउटर आणि हब एकदम उठत नाहीत, म्हणून राउटर आणि मुख्य हब दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आणि प्रत्येक ॲपमध्ये नाव तेच ठेवा, इथं "हॉल लाईट", तिथं "मेन लाईट" केलं की घरातल्यांना काय बोलायचं तेच कळत नाही.

मी काम संपल्यावर डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या पेटीच्या, दाराला आतनं एक कागद चिकटवतो, कुठली वस्तू कुणाच्या ताब्यात, नियम कुठं लिहिलाय, एमसीबी कुठला. विश्रामबागेच्या बंगल्यात तो मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलाय, मोटरीची ओळ लाल पेननं, खाली माझा नंबर. परवा मुलाचा पुण्यातनं फोन आला, "दादा, बागेतल्या लाईटला टायमर लावायचाय, कुठल्या ॲपमध्ये लावू?"