मे महिन्यातल्या कुरकुरीतपणावर जाऊ नका: घरी कुत्र्यांची बिस्किटं करून विकू पाहणाऱ्यांसाठी

मे महिन्यात हा उद्योग सुरू करू नका. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात नागपुरात सगळंच कडकडीत वाळतं. गच्चीवर कुरड्या वाळतात तशी ओट्यावर पसरलेली बिस्किटंही वाळतात. आठवडाभरात वाटायला लागतं, जमलं बुवा आपल्याला. जमलेलं असतं उन्हाला. त्यापेक्षा जुलैत हात घाला. जी रीत जुलैत टिकेल, ती बाराही महिने टिकेल.

काय घालायचं नाही हे तुम्हाला ठाऊक असणारच. घरात कुत्रा असलेल्याला चॉकलेट, कांदा, लसूण, मनुका ही यादी पाठ असते. पण केक करणाऱ्यांच्या हातून काही गोष्टी सवयीने जातात. जायफळ त्यातलं पहिलं. दुसरं शुगर-फ्री पीनट बटर. त्यात झायलिटॉल असू शकतं, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली येते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. बरणी फिरवून बारीक अक्षरं वाचा. मी इतवारीतून शेंगदाणे आणते आणि घरीच भाजून वाटते. तिथेही मूठभर दाणे हातावर घेऊन बघायचे. कुबट वास आला, सुरकुतलेले काळपट दाणे दिसले, की ते पोतं सोडून पुढे. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाजल्याने जात नाही, आणि कुत्र्यांच्या यकृताला ते फार बाधतं.

आता ओल. हिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मला फटका इथेच बसला.

बिस्किट ओव्हनमधून निघतं, गार होतं, कटकन मोडतं. आपण खूश. पण कडक झालेला असतो तो बाहेरचा थर. मधला भाग ओल धरून बसलेला असतो, कलेजी किंवा भोपळा घातला असेल तर विशेषच. उन्हाळ्यात ती ओल हवेत निघून जाते. पावसाळ्यात हवाच दमट, तर ती जाणार कुठे? त्यात आपण मोठ्या अभिमानाने घट्ट झाकणाचा डबा वापरतो. आतली ओल हळूहळू बाहेरच्या थरात पसरते, डब्यातच कोंडून राहते, आणि मग व्हॉट्सॲपवर बिस्किटं नेलेल्या एखाद्या काकूंकडून फोटो येतो: मोडलेल्या बिस्किटाच्या कडेला हिरवट-पांढरी लव. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात तो फोटो मला आला. काकूंनी वेळेवर पाहिलं म्हणून निभावलं. त्यांचा लॅब्राडॉर काही आपण होऊन सोडणारा प्राणी नव्हे. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. बुरशीचा तुकडा काढून बाकीचं देऊ, परत भाजून घेऊ, असलं काही डोक्यातही आणू नका. अख्खा घाणा फेकायचा.

‘अमुक मिनिटं भाजा’ म्हणणाऱ्या रेसिपीवर विसंबू नका, वजनकाटा घ्या. माझं नेहमीचं माप असं: ज्वारीचं पीठ ५०० ग्रॅम, उकडून वाटलेली कोंबडीची कलेजी २५० ग्रॅम आणि एक अंडं, कारण ज्वारीला स्वतःचा चिकटपणा नाही. गोळा होतो ८०० ग्रॅमच्या आसपास. पिठात मुळातच साधारण १२ टक्के पाणी असतं, कलेजीत ७० टक्क्यांच्या घरात, अंड्यात ७५. हे सगळं वजा केलं की कोरडा माल उरतो जेमतेम ५२५ ग्रॅम. बिस्किटात १० टक्के ओल ठेवायची म्हटली, तर शेवटचं वजन ५८५ च्या आसपास यायला हवं. काटा ६५० दाखवतोय? मग दाताला कितीही कडक लागू दे, त्यात अजून १९ टक्के पाणी आहे.

हे मला कुठल्याही कोर्सने शिकवलं नाही. पैसे भरून केलेल्या एका ऑनलाइन कोर्समध्ये हाडाच्या आकाराचे साचे आणि रिबिनी यांवरच सगळा वेळ गेला. शिकवलं ते नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या बेकरीतल्या काकांनी. टोस्ट घेता घेता विचारलं, तर म्हणाले, “टोस्ट दोनदा भट्टीत जाते ताई. एकदा शिजाले, एकदा वाळाले.” बस, एवढंच. तेव्हापासून माझीही बिस्किटं दोनदा जातात: आधी १६० अंशांवर साधारण २५ मिनिटं, मग ९० ते १०० अंशांवर काट्यावरचं वजन उतरेपर्यंत. दुसऱ्या खेपेला ओव्हनचं दार लाकडी चमचा अडकवून किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर वाफ आतच फिरत राहते. लाटतानाही हात आवरा. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड बिस्किट आतून वाळता वाळत नाही.

तरी शंका असेल तर चार बिस्किटं पूर्ण गार करून काचेच्या बरणीत दोन रात्री बंद ठेवा. कवच मऊ पडलं, तर ती ओल आतूनच आलेली. बाहेरच्या पावसाला दोष देऊ नका.

इथे एक मोह आहे, तो आधीच सांगून ठेवते. आपण विकतो वजनावर, आणि पाण्याला वजन असतं. नीट वाळवलं की ८०० चे ५८५ होतात आणि पोटात गोळा येतो. म्हणून भाव ठरवताना पिठाचा गोळा धरू नका, वाळलेला माल धरा. गॅस, वीज आणि स्वतःची मजुरीही धरा. पहिले काही महिने पदरचे पैसे जातील. जाऊ द्या, सगळ्यांचे जातात. अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला सकाळी कुत्री घेऊन येणाऱ्यांना नमुने वाटा. माणसं घासाघीस करतील, पण कुत्र्याने दुसऱ्यांदा तोंड पुढे केलं की तीच मंडळी मुकाट्याने ऑर्डर देतात.

‘बाजारातल्यासारखी मऊ ट्रीट करून द्या’ म्हणणारे भेटतील. कारखान्यातल्या मऊ ट्रीटमध्ये ओल बांधून ठेवायला ग्लिसरीनसारखे पदार्थ आणि टिकवणारी रसायनं असतात. घरी तसलं काही करायला जाऊ नका. आणि नागपूरचं म्हणून संत्र्याचं बिस्किट करायचा सल्ला तर प्रत्येक नातेवाईक देतो. पाकिटावर संत्रं छान दिसतं, पण बहुतेक कुत्री तो वास आला की मान फिरवतात. साल आणि बिया तर देऊच नयेत.

बिस्किटं लहान करा. ट्रीटमधून दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत, म्हणजे ५ किलोच्या शिह त्झूला साधारण १० ग्रॅम. मोठं बिस्किट दिलं तर मालक ते अख्खंच भरवतो. कलेजीत अ जीवनसत्त्व भरपूर, रोज भारंभार पोटात गेलं तर तेही नडतं. मी म्हणून गाजर-नाचणीची बिस्किटंही ठेवते. कुत्रा आजारी असेल, पथ्यावर असेल, तर विकण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा. आपल्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा उपयोग करा. इन्फ्लुएन्सरला विचारू नका.

केकसाठी घेतलेला एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, परवाना नंबर या पाकिटांवर छापू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या व्याख्येत पशुखाद्य येतच नाही. वजन, किंमत, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन नंबर हे मात्र वजनमापाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे हवंच. मी त्यात भाजल्याची तारीखही घालते आणि प्रत्येक घाण्यातली दोन बिस्किटं तारखेची चिठ्ठी लावून घरी ठेवते. तक्रार आली की आधी ती मोडून बघायची, मग फोन उचलायचा.