क्वीअर इतिहासाचे जुने कागद, छायाचित्रे आणि चित्रे: शोधावीत कशी, जपावीत कशी

समलिंगी, पारलिंगी आणि लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेर जगलेल्या माणसांचा जुना इतिहास शोधायचा, तर पुष्कळदा त्यांना शिक्षा करणाऱ्यांच्याच दप्तरातून सुरुवात करावी लागते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातील १६७४ ते १९१३ या काळातील खटल्यांचे वृत्तान्त आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. १७२६ च्या फेब्रुवारीत तेथील मदर क्लॅप नावाच्या स्त्रीच्या घरावर छापा पडला आणि त्यानंतरच्या खटल्यांतील साक्षींमुळेच त्या घरी जमणारे समलिंगी पुरुष कसे नाचत, कसे बोलत, हे आज आपल्याला कळते. त्यांपैकी तिघांना त्याच वर्षी फाशी झाली. हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा आणि त्यांच्या मालमत्तेची माहिती मागवण्याचा अधिकार वसाहती प्रशासनाला दिला. अशा कागदांत माणसे दिसतात खरी, पण ती पोलिसांच्या आणि कारकुनांच्या नजरेतून दिसतात. म्हणून टिपण करताना वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. एका भागात लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष काय पाहिले ते उतरवावे आणि दुसऱ्या भागात त्याने त्यावर काय मत दिले ते. ही सवय सुरुवातीलाच लावून घेतली नाही, तर सरकारी तिरस्कार नकळत आपल्या लेखनात उतरतो.

अभिलेखागाराच्या सूचीत आजचे शब्द घालून शोध घेतल्यास बहुधा काहीच हाती लागत नाही. जुन्या नोंदी ‘अनैसर्गिक कृत्य’, ‘असभ्य वर्तन’, ‘स्त्रीवेषातील पुरुष’, ‘तोतयेगिरी’ अशा शीर्षकांखाली असतात आणि हे शब्द वाचायला कितीही कटू वाटले तरी शोधासाठी तेच वापरावे लागतात. गुन्ह्याशी संबंध नसलेले कागद त्याहून बोलके असतात, मात्र ते चिकाटीने वाचावे लागतात. मृत्युपत्रात ‘माझ्या मित्रास’ दिलेले घर, जनगणनेच्या सलग दोन-तीन फेऱ्यांत एकाच पत्त्यावर राहिलेल्या आणि परस्परांशी नाते नसलेल्या दोन स्त्रिया, एकाच थडग्यावर कोरलेली दोन आडनावे, नाटक मंडळीच्या हिशेबवहीत वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी येणारी दोन नावे, अशा नोंदी एकेकट्या काहीच सिद्ध करत नाहीत. त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या म्हणजे एखाद्या सहजीवनाची रूपरेषा दिसू लागते.

खासगी कागदांना सर्वांत मोठा धोका बहुधा घरातूनच असतो. इंग्लंडमधील हॅलिफॅक्सजवळच्या शिब्डन हॉल येथे राहणाऱ्या ॲन लिस्टर (१७९१–१८४०) यांनी सुमारे ५० लाख शब्दांची रोजनिशी लिहिली आणि तिचा सुमारे सहावा भाग ग्रीक अक्षरे व बीजगणिताची चिन्हे मिसळून केलेल्या सांकेतिक लिपीत लिहिला. १८९० च्या दशकात त्यांच्या घराण्यातील जॉन लिस्टर यांनी आर्थर बरेल या मित्राच्या साहाय्याने ती लिपी उलगडली. स्त्रियांशी असलेल्या प्रेमसंबंधांचा मजकूर वाचल्यावर बरेल यांनी वह्या जाळून टाकण्याचा सल्ला दिला. जॉन लिस्टर यांनी मात्र त्या भिंतीच्या लाकडी फळ्यांमागे दडवल्या. २०११ मध्ये त्याच वह्यांचा युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या उपक्रमाच्या ब्रिटनमधील नोंदवहीत समावेश झाला. एखाद्या कुटुंबाकडे कागद पाहण्याची विनंती करताना हे ध्यानात ठेवावे की ‘हे जाळून टाकू’ हा विचार तेथे आधीच कोणाच्या तरी मनात येऊन गेलेला असू शकतो. त्यामुळे पहिल्याच भेटीत निष्कर्ष बोलून दाखवू नयेत आणि कागद घरी नेण्याचा आग्रह धरू नये. तेथेच बसून वाचण्याची परवानगी मिळाली तरी ते पुष्कळ आहे.

जुन्या चित्रांच्या आणि वस्तूंच्या बाबतीत उत्साहाला आवर घालणे अधिक कठीण जाते. इजिप्तमधील सक्कारा येथे १९६४ मध्ये सापडलेल्या थडग्यात नियांखख्नुम आणि ख्नुमहोतेप हे राजाच्या नखांची निगा राखणारे दोन अधिकारी परस्परांना मिठीत घेऊन, नाकाला नाक भिडवून उभे असलेले कोरले आहेत. काही अभ्यासक त्यांना प्रेमी मानतात, काही जुळे भाऊ. आणि दोघांच्या बायका-मुलेही त्याच भिंतींवर आहेत. येथे प्रामाणिक नोंद एवढीच होऊ शकते की कोरीव कामात काय दिसते आणि त्याचे कोणते अर्थ लावले गेले. ब्रिटिश म्युझियमने १९९९ मध्ये विकत घेतलेल्या ‘वॉरन कप’ या चांदीच्या पेल्यावर पुरुषांच्या प्रणयाची दृश्ये आहेत. तो रोमन काळातील असल्याचे संग्रहालय मानते, तर काही विद्वानांनी त्या काळाविषयीच शंका घेतली आहे. तो शास्त्रीय उत्खननातून मिळालेला नसल्याने या वादाचा निकाल लागणे अवघड आहे. एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओ-छायाचित्रांत हातात हात घालून बसलेले पुरुष पाहून तर आज अनेकांना हर्षवायू होतो; परंतु त्या काळी मैत्रीतही अशी जवळीक सर्रास चाले, हे विसरता कामा नये. उलट, अर्थ निश्चित नाही म्हणून क्वीअर शक्यतेचा उल्लेखच गाळणारी संग्रहालयातील पाटीही तितकीच चुकीची असते.

या सर्वांतून निघणारा व्यवहारातील नियम असा की वस्तूइतकाच तिचा संदर्भ जपावा, किंबहुना तो आधी जपावा. जुन्या बाजारात किंवा लिलावात एखादा अल्बम मिळाल्यास त्यातील ‘महत्त्वाची’ छायाचित्रे वेगळी काढू नयेत; पानांचा क्रम, मागील शिक्के, स्टुडिओचे नाव, मध्ये दडलेली पाकिटे आणि रिकाम्या जागादेखील जशाच्या तशा टिपून घ्याव्यात. पानन् पान हलवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढावे. वस्तू कोणाकडून, कधी आणि कोणत्या माहितीसह मिळाली, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण विक्रेत्याने सहज सांगितलेले एखादे गावाचे नाव पुढे सगळ्या शोधाचे सूत्र ठरू शकते. छायाचित्राच्या मागे लिहिणे अगदी अपरिहार्य असेल, तर मऊ शिसपेन्सिलीने कडेला हलके लिहावे. बॉलपेन कधीही वापरू नये.

प्रत्यक्ष जपणुकीत खर्चापेक्षा शिस्त मोठी असते. गंजणाऱ्या टाचण्या, स्टेपल आणि क्लिपा अलगद काढाव्यात. चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते उलटवता येत नाही. कागद आम्लविरहित फोल्डरमध्ये ठेवावेत. छायाचित्रांसाठी पीव्हीसीच्या पिशव्या टाळून पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच्या वापराव्यात. कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळावेत आणि छायाचित्रे व निगेटिव्ह नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घालून. माळा आणि तळघर या दोन्ही जागा टाळाव्यात. तापमान आणि आर्द्रता यांतील चढउतार कागदाला फार बाधतात. वर्तमानपत्री कागद स्वतःच्या आम्लाने पिवळा पडून तुकडे होतो, म्हणून कात्रणांची प्रत चांगल्या कागदावर काढून मूळ कात्रण वेगळे ठेवावे. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आल्यास ॲसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजावे, ती इतर फिल्मपासून दूर करावी आणि तिचे स्कॅनिंग आधी उरकावे. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची फिल्म नायट्रेटची असल्याची शंका आली, तर ती घरात ठेवण्याऐवजी तज्ज्ञांकडे सोपवावी, कारण ती अतिशय ज्वालाग्राही असते.

चळवळीच्या काळातील ध्वनिफिती आणि व्हिडिओ कॅसेट यांना मी सर्वांत वरचे स्थान देईन, कारण फीत टिकली तरी ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत. छायाचित्रे निदान ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ या फाइल-स्वरूपात ठेवावीत. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी.

स्कॅन केलेले सर्व काही प्रसिद्ध करण्याची मात्र घाई नको. साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध आजही गुन्हा आहेत. आणि जेथे कायदा बदलला, तेथेही कुटुंब, घरमालक आणि नोकरी यांचे भय उरतेच. १९८४ मध्ये सुरू झालेल्या एका अमेरिकी लेस्बियन नियतकालिकाचे अंक इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केल्यानंतर संमतीचा प्रश्न उपस्थित झाला आणि २०१६ मध्ये ते काढून घ्यावे लागले. छापील अंकासाठी छायाचित्र देणाऱ्या स्त्रीने जगभरच्या शोधयंत्रांना परवानगी दिलेली नव्हती, हा आक्षेप मला पूर्णपणे ग्राह्य वाटतो. म्हणून जतन आणि प्रकाशन हे दोन स्वतंत्र निर्णय मानावेत. हयात व्यक्तींची नावे सूचीत सांकेतिक ठेवावीत, पत्ते झाकावेत, प्रसिद्ध करायच्या फाइलमधील ठिकाणाची माहिती पुसावी. मुलाखत ध्वनिमुद्रित करताना संमतिपत्रात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणी ऐकायचे, केव्हापासून ऐकायचे आणि संमती मागे कशी घ्यायची.

संग्रह वाढू लागला की तो कोणाच्या हाती सोपवायचा हे ठरवणे आले. न्यूयॉर्कमधील ‘लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्ह्ज’ १९७४ मध्ये एका घरात सुरू झाले आणि ते आजही समुदायाच्याच हाती आहे. बर्लिनमध्ये १९८५ पासून ‘श्वुलेस म्युझियम’ आहे, जोहान्सबर्गमध्ये ‘गाला’ हे अभिलेखागार आहे आणि बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात ‘क्वामरा’ हा संग्रह आहे. विद्यापीठाकडे जागा आणि प्रशिक्षित माणसे असतात, तर समुदायाच्या संस्थेकडे कागदांची जाण असते. देणगीपत्रावर सही करण्यापूर्वी मालकी हक्क आणि प्रताधिकार (कॉपीराइट) कोणाकडे राहतील, काही पेटारे ठरावीक वर्षे बंद ठेवता येतील का आणि संस्था बंद पडल्यास संग्रहाचे काय होईल, हे लेखी घ्यावे. शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. समलिंगींच्या हक्कांसाठी झटणारे जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांची बर्लिनमधील लैंगिकविज्ञान संस्था नाझी राजवटीत ६ मे १९३३ रोजी लुटली गेली आणि तिची ग्रंथसंपदा १० मे रोजी भर चौकात जाळली गेली. त्यांचे सहचर ली श्यू-टोंग १९९३ मध्ये व्हँकूव्हरला वारले, तेव्हा हिर्शफेल्ड यांच्या मृत्यूनंतर घेतलेल्या मुखवट्यासह उरलेसुरले कागद इमारतीच्या कचऱ्यात गेले होते. एका शेजाऱ्याने ते उचलले म्हणून वाचले. तेव्हा स्वतःच्या मृत्युपत्रात संग्रहाचा स्वतंत्र उल्लेख करावा, तो कोणत्या संस्थेस द्यायचा ते लिहावे आणि ती जबाबदारी नातेवाइकांवर न सोडता, संग्रहाची किंमत जाणणाऱ्या एका व्यक्तीस नावानिशी नेमून तिला पेट्यांच्या यादीची प्रत आजच द्यावी.